ममता की भूतदया?

गेल्या वर्षी कार्तिक वद्यात एका गावी सप्ताहातले सहाव्या दिवसाचे कीर्तन माझ्याकडे होते. कीर्तन बरे झाले, आरती झाली, मंडळी पाया पडून पांगू लागली. माणसे निघून गेली तरी एक म्हातारी खांबाला टेकून बसूनच होती. मी वीणा खाली ठेवण्याच्या बेतात होतो, तेव्हा ती जवळ आली आणि म्हणाली, "महाराज, एक इचारू का? हसणार न्हाई ना?"

म्हटले, "विचारा माउली, हसायचं काय त्यात?"

"माझं कुत्रं गेलं. तीन महिनं झालं. अजून भाकरी मोडली की हात दाराकडं जातो. रडू येतं. लोक म्हणत्यात, नवरा गेला तवा एवढी रडली न्हाईस. नातू म्हणतो, आज्जी, तिकडं शहरात कुत्री ठेवत्यात तिथनं दुसरं आणू. मी म्हटलं नगं. आणलं तर ह्याच्याशी बेइमानी व्हईल का, महाराज? आन् कुत्र्यापायी रडणं हे पाप म्हणायचं का?"

आता असे प्रश्न आम्हा कीर्तनकारांना नवे नाहीत. उत्तरे तयारच असतात. पेटीतून कपडा काढावा तशी काढायची. मी तिला भरतराजाची कथा सांगितली. हरिणाच्या पाडसावर जीव जडला म्हणून राजर्षीला हरिणाचा जन्म घ्यावा लागला, तेव्हा माउली, जनावराची ममता आवरा आणि नाम घ्या. दोन मिनिटांत काम झाले. तिने मान डोलावली, माझ्या पायांना हात लावला आणि काठी टेकीत निघून गेली. तिचा चेहरा काही हलका झालेला दिसला नाही. मलाही एसटीची घाई होती.

पण ते उत्तर मात्र माझ्याबरोबर गाडीत बसले आणि घरापर्यंत आले. कारण माझे स्वतःचे एक कुत्रे दोन वर्षांपूर्वी गेले होते, आणि ती कथा मी म्हातारीला सांगितली की माझ्याच तोंडावर बोट ठेवले, हे माझे मला उमगेना.

त्या कुत्र्याचे नाव वाघ्या. २०११ च्या वारीत ते आमच्या दिंडीला मिळाले. दिवे घाट चढून सासवडचा मुक्काम झाला, जेजुरी आली, तिथे तळावर भंडाऱ्याने पिवळे झालेले एक तांबूस पिल्लू पंगतीच्या कडेला येऊन बसले. जेजुरीचे म्हणून पोरांनी त्याला वाघ्या म्हटले. वाटले, उद्या तळ हलला की राहील मागे. पण वाल्हे झाले, नीरा ओलांडली, लोणंद, तरडगाव, फलटण झाले, आणि हे आपले वीणेकऱ्याच्या पाठीमागे चार हातांवर तुरुतुरु चालतेच आहे. पाऊस आला की ट्रकखाली, ऊन झाले की पताकेच्या सावलीत. ज्यांनी वारी केली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही; दरवर्षी कुठल्या ना कुठल्या दिंडीबरोबर असे एखादे जनावर चालत असते आणि त्याला कोणी बोलावलेले नसते. वाखरीला त्याच्या पायांना फोड आले. एका बाईने आपल्या लुगड्याची चिंधी फाडून बांधली. पंढरपूरला कळसाचे दर्शन घेऊन आम्ही परत निघालो तेव्हा ते ट्रकच्या फाळक्याशी उभे राहिले. आमच्या मुलाने उचलून आत घेतले. मी 'नको' म्हणालो होतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

माझे शिक्षण पाठशाळेतले. पहाटे उठून रूपावली आणि अमरकोश म्हणायचा, सोवळे-ओवळे पाळायचे, आणि कुत्रे शिवले तर स्नान, यात शंका काढायची नाही. गुरुजी प्रेमळ होते, पण नियम म्हणजे नियम. पुढे वारकरी कीर्तनात आलो, नामदेवराय तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे कसे धावले, नाथांनी कावडीतले पाणी तहानेल्या गाढवाला कसे पाजले, हे मी शेकडो वेळा सांगितले असेन. लोकांचे डोळे भरून येत, माझेही येत. आणि घरी आलो की वाघ्या शेपूट हलवीत उंबऱ्याशी यायचा आणि मी म्हणायचो, "हाड्!"

मी त्याला कधी मारले नाही. भाकरी, आमटी, कधी दूध, जे हवे ते मिळत होते. ओसरीवर पोते होते. पण उंबरा ओलांडायचा नाही. पहिल्या वर्षी तो चार-सहा वेळा आत आला, चार-सहा वेळा 'हाड्' ऐकले, आणि शिकला. त्यानंतर बारा वर्षे त्याने आत पाऊल टाकले नाही. मी पहाटे हरिपाठ म्हणायला बसलो की बाहेर बरोबर दाराच्या रेषेवर, पुढचे पाय उंबऱ्याला टेकून, तो बसायचा. टाळ वाजला की कान उभे. आलेगेले म्हणत, बुवांचं कुत्रं सुद्धा नेमाचं आहे! मला त्याचा अभिमान वाटे.

२०२३ च्या डिसेंबरात त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. गुरांचे डॉक्टर तीन दिवस सलाईन लावून गेले. चौथ्या दिवशी म्हणाले, आता औषधाचं काम संपलं, थंडी फार आहे, रात्री घरात घ्या, उबेला ठेवा. त्या रात्री मी दार उघडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "वाघ्या, आत ये." त्याने मान वर केली. उठला. एक पाय उंबऱ्यावर ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि पाय मागे घेतला. मी पुन्हा बोलावले. तो तिथेच बसला. जे मी बारा वर्षे शिकवले होते, ते एका रात्रीत विसरणे त्याला जमले नाही.

उचलून आत घेता आले असते. का घेतले नाही? खरे सांगायचे तर अंगावर गरम पाणी ओतून पुन्हा स्नान करावे लागेल, हा विचार मनात आला. दुसऱ्या दिवशी पहाटे परगावी काल्याचे कीर्तन होते. घोंगडी त्याच्या अंगावर टाकली, थोडा वेळ शेजारी बसलो आणि आत जाऊन झोपलो. काकड्याच्या वेळेला उठलो तेव्हा घोंगडीखाली तो गार पडला होता. परसात चिंचेखाली मुलाने खड्डा केला. मी काल्याचे कीर्तन चुकवले नाही.

असो. हे सर्व ठेवून आता शास्त्राकडे वळू, कारण प्रश्न शास्त्राचाही आहे.

भागवताच्या पाचव्या स्कंधात भरताची कथा आहे आणि महाभारताच्या सतराव्या, म्हणजे महाप्रस्थानिक पर्वात धर्मराजाची. एक राजर्षी जनावरापायी खाली आला, दुसरा जनावरापायी सदेह स्वर्गाला गेला. दोन्ही ग्रंथ आपल्याला शिरोधार्य. मग मेळ कसा घालायचा? नेहमीचे उत्तर असे की भरताची ती ममता होती आणि धर्मराजाची ती भूतदया. शब्द सुरेख आहेत, पण नुसती दोन नावे दिल्याने दोन गोष्टी वेगळ्या होत नाहीत. पाडसाला नदीतून उचलताना भरताच्या मनात दया नव्हती काय? सिंहाच्या गर्जनेने भ्यालेली हरिणी पाण्यात उडी घेते, गर्भ गळून प्रवाहात पडतो, ती मरते. भरत गंडकीच्या काठी बसलेला असतो, तो पाडस उचलतो. त्याने ते वाहू द्यायला हवे होते, असे भागवत कुठेही म्हणत नाही. मी मात्र कीर्तनात ही कथा सांगताना नकळत तसेच ऐकवत आलो, जणू पाडस उचलले तिथेच चुकले.

चूक पुढे झाली. आधी पाडसासाठी एक नेम सुटला, मग दुसरा, शेवटी पूजाअर्चा सगळीच सुटली. पाडस जरा दिसेनासे झाले की हा विलाप करी. ते त्याचे झाले, त्याच्यावाचून याला करमेना. पाडसाला काय हवे, हा विचार मागे पडला. ते मोठे झाले होते, कळपात जाण्याजोगे होते, पण याला ते जवळ हवे होते. आणि तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. हरिणाच्या जन्मातही भरताची पूर्वस्मृती गेली नाही. म्हणजे त्या पतनातही केलेली उपासना फुकट गेली नाही. म्हातारीला घाबरवताना हा अर्धा भाग मी गाळला होता.

आता धर्मराजाकडे पाहा. हस्तिनापुरातून पाच भाऊ, सहावी द्रौपदी आणि सातवे कुत्रे असे निघतात. वाटेत द्रौपदी पडते, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम पडतात. धर्मराज मागे वळून पाहत नाही. भीमाने विचारले म्हणून प्रत्येकाचा दोष तेवढा सांगतो. इतका निर्मम झालेला पुरुष! आणि इंद्र रथ घेऊन येतो, म्हणतो, कुत्रे टाक. तेव्हा हा निर्मम पुरुष अडून बसतो. कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही, त्यांचे पुण्य क्रोधवश नावाचे गण हरण करतात, असे इंद्र शास्त्रच सांगतो. युधिष्ठिर उत्तर देतो की जो भक्त आहे, भ्यालेला आहे, दुसरा आधार नसलेला आहे, त्याला टाकणे हे ब्रह्महत्येएवढे पाप आहे. इंद्र विचारतो, भाऊ टाकलेस, बायको टाकलीस, मग कुत्रे का नाही? त्यावरचे उत्तर फार विचार करण्याजोगे आहे. मेलेल्यांशी संधीही नाही आणि विग्रहही नाही, त्यांना जिवंत करणे माझ्या हाती नव्हते. ते जिवंत असताना मी त्यांना टाकले नव्हते. हे मात्र जिवंत आहे.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. म्हातारीच्या बेइमानीच्या प्रश्नाचे उत्तर निम्मेअधिक इथे होते आणि मी तिला भलत्याच स्कंधात नेऊन सोडले होते.

आम्ही ही कथा सांगताना शेवटी 'ते कुत्रे म्हणजे साक्षात यमधर्म' असे म्हणून विठ्ठलनामाचा गजर करतो. पण धर्मराजाला हे ठाऊक नव्हते. त्याच्यासमोर होते ते कुत्रे, नुसते कुत्रे, अंगावर धूळ आणि कदाचित गोचिडी असलेले. ते शेवटपर्यंत नुसते कुत्रेच निघाले असते तर त्याची कृती कमी झाली असती का? मला तर वाटते, देवाचा मुखवटा निघाला म्हणून श्रोत्यांची सुटका होते. घरी जाऊन दाराशी बसलेल्या कुत्र्याकडे पाहायला नको, कारण ते काही यमधर्म नसते.

आणि भारताचा आरंभही कुत्र्यापासूनच आहे, हे थोड्यांच्या लक्षात असते. जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पिल्लू येते. त्याने हविर्द्रव्य चाटलेले नाही, त्याकडे पाहिलेही नाही. जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडे जाते, आणि सरमा यज्ञात येऊन राजाला जाब विचारते, माझ्या निरपराध मुलाला का मारले? कोणी उत्तर देत नाही. ती शाप देते, आणि राजा पुढे त्या शापापायी पुरोहित शोधत हिंडतो. म्हणजे कुत्र्याला विनाकारण मारले इथून तो महाग्रंथ सुरू होतो आणि कुत्र्याला टाकणार नाही इथे येऊन संपत आला. व्यासांनी हे उगाच केले असेल, असे मला वाटत नाही.

छांदोग्यात तर कुत्रीच उद्गीथ गातात. पांढऱ्या कुत्र्याभोवती बाकीची जमतात आणि म्हणतात, महाराज, आम्हाला भूक लागली आहे, आमच्यासाठी गाऊन अन्न मिळवा. मग ऋत्विज एकमेकांना धरून चालतात तशी ती चालतात, बसतात आणि हिंकार करतात. पाठशाळेत हे वाचताना आम्ही पोरे खूप हसलो होतो. आता बिदागी घेऊन कीर्तन करू लागल्यापासून तितके हसू येत नाही.

सोवळ्याचे काय, असे जुनी मंडळी विचारतील. मीही विचारले. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. वैश्वदेव झाल्यावर कुत्र्यासाठी, कावळ्यासाठी, किड्यामुंग्यांसाठी जमिनीवर अन्न ठेवायला मनूच सांगतो. श्राद्धात गाईचे पान, कुत्र्याचे पान, कावळ्याचे पान आजही निघते. म्हणजे कुत्र्याचा वाटा शास्त्राने मान्य केलेला आहे. पण तो बाहेर, दूर, जमिनीवर. गीतेचा पाचवा अध्याय मात्र ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा यांच्याकडे समदृष्टीने पाहणाऱ्यालाच पंडित म्हणतो. आचाराने अंतर सांगायचे आणि दृष्टीने समत्व, अशी सांगड जुन्या पंडितांनी घातली आहे आणि ती अगदीच टाकाऊ नाही. माझे म्हणणे एवढेच की मरणाच्या दारी थंडीने कुडकुडणाऱ्यापुढे अंतराचा नियम चालू ठेवला तो शास्त्राने नव्हे, मी. ब्रह्महत्येशी तुलना असलेला नियम एकीकडे आणि एका स्नानाचा त्रास दुसरीकडे. पाठशाळेतल्या पोरालाही बलाबल कळले असते.

आता घरातली गोष्ट. मी त्या सप्ताहाहून परत आलो त्याच्या पुढच्याच महिन्यात सूनबाईने विषय काढला, की जिल्ह्याच्या गावी टाकलेल्या, जखमी कुत्र्यांचा एक निवारा आहे, तिथून एखादे आणावे. नात हट्टाला पेटली. मी विरोध केला. शास्त्र सांगितले, वय सांगितले, वारीला गेल्यावर बघणार कोण ते सांगितले. घरची मंडळी सगळे ऐकून घेऊन एवढेच म्हणाली, "अहो, तुम्हाला दुसरं कुत्रं नको आहे, का पहिल्याची आठवण नको आहे?" चाळीस वर्षे संसार केलेल्या बायकोपुढे वाद चालत नाही. मला नको होते ते कुत्रे नव्हे. उंबऱ्यावर पुन्हा कोणी बसलेले दिसले की ती रात्र दिसणार, याची भीती होती. वाघ्याशी निष्ठा, असे मी तिला नाव दिले होते.

निवाऱ्यात गेलो. असे निवारे आपल्याकडे आजचे नाहीत. मुंबईत १८३२ साली इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाज खवळून उठला. त्यांच्या धर्मात कुत्र्याला फार मान, प्रेतावर कुत्र्याची दृष्टी पडावी असा त्यांचा विधीच आहे. दंगा झाला, बाजार बंद पडले, इतर समाजही त्यात सामील झाले. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ निघाला. आज तिथे लोक गाईला चारा घालायला जातात, पण त्याचा पाया कुत्र्यांपायी घातला गेला, हे भुलेश्वरातल्या किती जणांना माहीत असेल!

निवाऱ्यात शंभराच्या आसपास कुत्री होती आणि आम्ही फाटकाशी येताच सगळी एकदम ओरडू लागली. तो आवाज मला सहन होईना. थोड्या वेळाने कळले की ती अंगावर येत नव्हती, बोलावत होती. तिथला मुलगा म्हणाला, पिल्लं राहत नाहीत, आली की जातात. मोठी कुत्री राहतात, त्यातही माद्या, आणि काळी असली तर विचारूच नका. माद्या का? लोक पिल्लांच्या कटकटीला भिऊन त्यांना रस्त्यावर सोडतात, म्हणून. माणसाच्या घरात मुलीचे जे झाले तेच इथवर झिरपले आहे.

मग त्याने एक कागद पुढे केला. घरातल्या सगळ्यांची संमती आहे का, दिवसभर बांधून ठेवणार का, गावाला गेलात तर कोण बघणार, घर भाड्याचे की स्वतःचे. आणि माझ्याकडे बघून, जरा अडखळत, "आजोबा, तुमचं वय किती?" म्हटले, सहासष्ट. "पिल्लू नेलंत तर ते तेरा-चौदा वर्षं जगेल. तुमच्यानंतर कोण?" कोणी इतक्या सरळ मला आजवर विचारले नव्हते. वैराग्यावर तासभर बोलणारा मी, पण 'तुमच्यानंतर कोण' याचे उत्तर देताना मुलाकडे पाहावे लागले. मुलाने सही केली. मी म्हटले, पिल्लू नको, मोठे द्या.

तिथे कोपऱ्यात एक काळी मादी होती, सहा-सात वर्षांची. गळ्याभोवती केस गेलेला वळ. लहानपणी बांधलेली दोरी कोणी सैल केली नव्हती, मान वाढत गेली. डाव्या कानाचे टोक कापलेले; ती इजा नव्हे, नसबंदी झाल्याची खूण आहे, असे मुलाने सांगितले. मालक घर बदलताना फाटकाला बांधून गेला होता. इतर कुत्री ओरडत होती, ही उठलीही नाही. नातीने हात पुढे केला तेव्हा तिने फक्त नाक हलवले. आम्ही तिला घेतले. मी 'सरमा' नाव सुचवले. नातीने त्याची सरू केली.

इथे एक दृष्टांत मला सुचला होता आणि तो कीर्तनात टाळी घेईल असा आहे. दिंडीत वीणेकरी थकला तर वीणा खाली टेकत नाही, दुसरा पुढे होऊन गळ्यात घेतो. त्याने पहिल्याशी बेइमानी होत नाही. तसेच हे. पण विचार करता दृष्टांत लंगडा निघाला. वीणा हे पद आहे, कोणीही योग्य माणूस घेऊ शकतो. वाघ्या म्हणजे पद नव्हते. त्याच्या जागी कोणी येऊ शकत नाही, आणि येणाऱ्याला त्या जागी बसवणे हाच खरा अन्याय. हे मला पहिल्या आठवड्यातच कळले. मी टाळ हातात घेतला की सरू थरथर कापून बाजेखाली जाऊन बसे. कोणी तिच्यामागे डबे बडवले असतील, देव जाणे. एकदा वैतागून मी म्हणालो, "वाघ्या असता तर येऊन बसला असता!" आणि जीभ चावली. भरताची चूक ती हीच. समोरच्या जिवाकडे न पाहता आपल्या मनातल्या जिवासाठी रडायचे. दुसरे कुत्रे आणल्याने गेलेल्याशी बेइमानी होत नाही. पण गेलेल्याला परत मिळवण्यासाठी दुसरे आणले तर ती नव्या जिवाशी होते. मी सरूला कशासाठी आणले? थोडे तिच्यासाठी, थोडे वाघ्याचे फेडण्यासाठी, थोडे घरातल्या बायकांपुढे हरलो म्हणून. शुद्ध भूतदया मला अजून साधलेली नाही आणि तोवर तिला निवाऱ्यात थांब म्हणणेही बरे नव्हे.

आणखी एक आक्षेप. एका टाळकरी मित्राने विचारले, बुवा, मोकाट कुत्री पोरांना फाडतात आणि तुम्ही कुत्र्यांची पुराणे सांगता? त्याचा राग खरा आहे. भूतदयेत ते पोरही येते, आधी येते. आमच्याच दिंडीत एका मुलाला कुत्रे चावले होते तेव्हा लोक हळद-मिरची घेऊन धावले. तसे करू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी, मात्रा एकही चुकवू नये. पिसाळल्याची लक्षणे दिसू लागली की मग सहसा उपाय चालत नाही. कायद्याने २००१ पासून आणि पुन्हा २०२३ च्या नव्या नियमांनी वाट सांगितली ती नसबंदीची आणि लसीची. २०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयात दिल्लीच्या कुत्र्यांवरून आधी सरसकट उचलण्याचा आणि अकरा दिवसांतच त्यात बदल करणारा असे दोन आदेश झाले. वाद न्यायालयात गेला, मी निवाडा सांगणारा कोण? पण रस्त्यावरची काही कुत्री कोणाच्या तरी दारातून हाकललेली असतात, हे विसरून चालणार नाही. एक घरी नेले की रस्त्यावरचे एक कमी होते. आणि घरच्याला लस टोचली की शेजाऱ्याच्या पोराचाही जीव वाचतो.

माघात त्याच गावावरून जायचा योग आला. वाट वाकडी करून म्हातारीच्या घरी गेलो. ती अंगणात शेंगा फोडत होती. म्हटले, "माउली, मागच्या वेळी मी तुम्हाला अर्धीच कथा सांगितली." आणि राहिलेली सांगितली, धर्मराजाची, आणि वाघ्याचीही, उंबऱ्याचे सुद्धा काही लपवले नाही. तिने शेंगा फोडणे थांबवले नाही. सगळे ऐकून म्हणाली, "मला तवाच कळलं हुतं महाराज. तुमी माज्याकडं बगत नव्हता." मग घरात गेली आणि चहा करून आणला. दुसरे कुत्रे तिने आणलेले नव्हते. आणायचे की नाही, ते मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

सरू आता टाळाला पूर्वीइतकी घाबरत नाही. बाजेखालून नाक तेवढे बाहेर असते. पहिल्या दिवशी ती उंबऱ्याशी येऊन थांबली होती. कोणत्या घरी शिकली कोण जाणे. मी दोन-तीनदा बोलावले, ती आली नाही. मग वाकलो, कंबर धरली, तरी तिला उचलले आणि आत ठेवले. घरची मंडळी चुलीशी होती, ती काही बोलली नाही. न्हाणीघरात बंब पेटवायला निघाली, तेव्हा मीच म्हणालो, राहू दे आज.